बाद झाल्यावर दोन वाक्यं

तालुक्यातल्या एका पतसंस्थेनं मध्यंतरी त्यांच्या शाखाधिकाऱ्यांसमोर बोलायला बोलावलं होतं. विषय दिला होता ‘खेळातून नेतृत्व’. बोलून झालं, चहा झाला, आणि निघताना एका तरुण शाखाधिकाऱ्यानं गाठून विचारलं, “मॅडम, पुढारपण अंगातच असावं लागतं का? का शिकवून येतं?” शिकवून येतं, असं मी त्याला सांगितलं. पण कसं शिकवायचं ते एसटीची वेळ झालेली असताना सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे आणि मुलींना खो-खो शिकवते. ललिता बाबर याच तालुक्यातल्या मोहीची. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी गाठणारी ललिता शाळेत आधी खो-खो खेळायची, धावणं नंतर आलं. आमच्याकडं पहिलीतल्या पोरीलाही हे माहीत असतं. त्यामुळं पोरगी मैदानावर आली म्हणून कुणी नाकं मुरडत नाही. अडचणी निराळ्या आहेत, त्यांच्याकडं येतेच.

ज्यांनी खो-खो फक्त शाळेच्या मधल्या सुट्टीत खेळलाय, त्यांना तो पळापळीचा खेळ वाटतो. माझ्या मते तो बसणाऱ्यांचा खेळ आहे. आक्रमणाला नऊ जणी उतरतात. त्यातल्या आठ जणी मधल्या पाटीवरच्या चौकोनांत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि एकटी नववी पळते. पळणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही. एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागं वळता येत नाही. समोरची संरक्षक मात्र दोघींच्या मधून सुळकन पलीकडं जाते. मग पाठलाग करणारीनं काय करायचं? पलीकडं तोंड करून बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीला हात लावायचा, मोठ्यानं ‘खो’ म्हणायचं आणि लगेच तिच्या जागी खाली बसायचं. हातभर अंतरावरचा गडी दुसरीच्या हवाली करायचा. तो गडी बाद झाला तर टाळ्या दुसरीला मिळतात.

संघात सगळ्यात वेगानं पळणारी मुलगी सुरुवातीला हे करायला तयार नसते. तिला वाटतं, अजून दोन पावलं टाकली की मिळालीच. त्या दोन पावलांत संरक्षक खांब गाठते आणि हिचा दम सुटतो. खो वेळेवर देणं हे तंत्र आहे असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ते तंत्र आहेच, पण त्याच्या मुळाशी स्वभाव आहे. दुसरीवर विसंबता येणं, आपल्या हातून झालं नाही तरी संघाचं झालं यात समाधान मानता येणं, हे पायांत यायच्या आधी मनात यावं लागतं. आणि ते ‘टीमवर्क करा’ असं ओरडून येत नाही.

ओरडण्याचं जरा बोलते. जिल्ह्याच्या स्पर्धांना जाऊन बघा. मैदानाच्या कडेनं प्रशिक्षक मुलींइतकेच पळत असतात. “दे खो! दे! उजवीकडं! अगं उठ की!” पाटीवर बसलेल्या मुलीचा एक कान संरक्षकाच्या पावलांकडं आणि एक कान सरांकडं. खो-खोत निर्णयाला पापणी लवायचाही वेळ नसतो. बाहेरून आलेला हुकूम ऐकून, समजून, मग उठेपर्यंत संरक्षक दोन चौकोन पुढं गेलेली असते. म्हणजे सरांचा सल्ला बरोबर असला तरी पोचेपर्यंत शिळा झालेला असतो. त्याहून वाईट हे, की असा संघ हरला की मुली आधी सरांच्या तोंडाकडं बघतात, एकमेकींकडं नाही.

आमच्याकडं आठवड्यातून एकदा ‘अबोल्याचा सराव’ असतो. हे नाव मुलींनीच ठेवलं. त्या दिवशी मी शिट्टी वाजवते, घड्याळ लावते आणि गप्प बसते. मुलींनीही ‘खो’ सोडून दुसरा शब्द उच्चारायचा नाही. पहिल्या काही वेळा नुसता गोंधळ उडतो. बसलेल्या मुली माना वळवून माझ्याकडं बघतात, मी वहीत बघते. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात येतं की बघायचं आहे ते संरक्षकाकडं. कोणत्या पायावर ती जोर देते, हुल देताना खांदा खाली जातो का, खांबाजवळ आल्यावर ती श्वास घ्यायला थांबते का. पाटीवर बसलेल्या मुलीला खो मिळायच्या आधी उठता येत नाही, सरकताही येत नाही. तिच्या हातात फक्त डोळे असतात. या सरावातून तिचे डोळे कामाला लागतात. खो मिळायच्या आधीच तिची दिशा मनात ठरलेली असते आणि पाठीवर हात पडताच ती त्या बाजूला सुटते.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही: नऊजणींपैकी प्रत्येकीला आपला निर्णय आपण घ्यायची सवय लागते. कर्णधार एक असते, निर्णय मात्र सगळ्याजणी घेत असतात. ज्या संघात एकटी कर्णधारच विचार करते, तो संघ ती बाद झाली की बसतो.

आता बाद होण्याविषयी.

संरक्षणाला तिघी-तिघींच्या तुकड्या उतरतात. कुणी चांगली दोन-अडीच मिनिटं पळते, कुणी आल्याआल्या बाद होते. आल्याआल्या बाद झालेल्या मुलीचा चेहरा ज्यानं जवळून पाहिलाय, त्यालाच कळेल मी काय म्हणते ते. ती मान खाली घालून येते, सगळ्यांपासून लांब बसते, बुटाची लेस सोडते-बांधते. घरून कुणी बघायला आलं असेल तर त्यांच्याकडं बघत नाही. पुढच्या आक्रमणात तीच मुलगी पाटीवर बसलेली असते आणि तिचं मन मागच्या डावात अडकलेलं असतं. आमचे डाव जे गेले, ते बहुतेक असे गेले.

म्हणून आमच्या संघाचा एक नियम आहे. बाद झालेली मुलगी मैदानाबाहेर आली की आधी पुढच्या तुकडीकडं जाणार आणि त्यांना दोन वाक्यं सांगणार. दोनच. एक, मी कशी बाद झाले. दोन, समोरच्यांचं मला काय दिसलं. त्यानंतर पाणी प्यायचं, बसायचं, रडायचं असेल तर रडायचं. पण दोन वाक्यं आधी.

गेल्या वर्षी विभागाला एक सामना होता. आमच्या पहिल्या तुकडीतली सगळ्यात धाकटी मुलगी एकेरी साखळी, म्हणजे बसलेल्या एकेकीमधून नागमोडी पळणं, खेळता खेळता फसली आणि बाद झाली. ती आली ती थेट दुसऱ्या तुकडीपुढं उभी राहिली. ओठ थरथरत होते. म्हणाली, “मी खांबाकडं बघत पळली, मागं बघितलंच न्हाय. त्यांची तीन नंबरची खो मिळायच्या आधी मान तिकडंच वळवती, मान बघा म्हंजे कळतंय.” झालं. मग ती जाऊन पिशवीत तोंड खुपसून रडली. दुसऱ्या तुकडीतल्या तिघींनी तीन नंबरच्या मानेवर नजर ठेवली आणि वेळ काढला. सामना आम्ही जिंकलो. पण हरलो असतो तरी त्या मुलीचं काम चोख झालं होतं, आणि संध्याकाळी मी तिला तसं सांगितलं.

हा नियम करताना माझ्या मनात साधा हिशेब होता. बाद झालेल्या मुलीला ‘विसरून जा’ म्हणून ती विसरत नाही. तिला काहीतरी काम द्यावं लागतं. ती आत्ताच समोरच्या संघाला सगळ्यात जवळून बघून आली आहे. तिच्याजवळ जे आहे ते बाकी कुणाजवळ नाही. बाद होऊन ती संघाच्या उपयोगाची राहिली, किंबहुना जास्तच उपयोगाची झाली, हे तिला त्याच मिनिटाला कळलं पाहिजे. कणखरपणा म्हणतात तो मला तरी असाच येताना दिसलाय. पडण्याचं दुःख कमी होत नाही. पडल्यावर लगेच करायचं काम ठरलेलं असलं की दुःखात बुडायला वेळ उरत नाही.

आमची एक जुनी कर्णधार आता सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. ती सांगते की पाळी बदलताना पुढच्या परिचारिकेला ती रुग्णाची हकीकत याच पद्धतीनं देते, काय बिघडलं आणि मला काय दिसलं. पहिल्यांदा बिघडलेलं सांगायला बाकीच्या कचरतात म्हणे. तिला त्याचं काही वाटत नाही.

खो-खोत आणखी एक जागा आहे जिथं संघाचा कस लागतो, आणि ती यशाची आहे. तुकडीतली तिसरी बाद झाली की मुली आनंदानं उड्या मारतात. पण घड्याळ थांबलेलं नसतं. नवी तुकडी दोन खो व्हायच्या आत मैदानात येते, आणि जिनं तिसरा गडी बाद केला तिला नव्या तुकडीचा पाठलाग करता येत नाही, लगेच खो द्यावा लागतो. नियमच आहे. मला हा नियम फार आवडतो. जिची कामगिरी झाली तिनं तत्काळ खाली बसायचं आणि काम दुसरीच्या हाती द्यायचं. ज्या संघाला हे सवयीचं नसतं तो त्या जल्लोषात पाच-सात सेकंद घालवतो, आणि खो-खोत सामने इतक्याशा वेळावर फिरतात. आम्ही तिसरा गडी बाद झाल्यानंतरचे पहिले दोन खो स्वतंत्रपणे, पुन्हा पुन्हा घोटतो. टाळ्या शिट्टीनंतर.

सचोटीसाठी वेगळा तास नसतो. सरावात पंच आम्ही ठेवत नाही. खो मिळायच्या आधी उठलं, दिशा चुकवली, पाटीला पाय लागला, तर जिचं तिनं हात वर करायचा. हात वर केला म्हणून शिक्षा नाही, फक्त नियमाप्रमाणे उलट्या दिशेनं जायचं आणि खेळ पुढं. सुरुवातीला नव्या मुली इकडंतिकडं बघतात, कुणी पाहिलं का म्हणून. मोठ्या मुलींचे हात सहज वर जाताना दिसले की महिन्याभरात त्यांचेही जायला लागतात. सामन्यात पंच चुकले तरी आमच्या मुली वाद घालत नाहीत, कर्णधार एकदा जाऊन विचारते आणि परत येते. ही शिस्त त्या हात वर करण्यातूनच आली असावी असं मला वाटतं. ज्याला स्वतःची चूक सांगायची सवय आहे, तो दुसऱ्याच्या चुकीनं फार पेटत नाही.

कर्णधार मी नेमत नाही, मुली निवडतात. एकच अट असते, हंगामाच्या आधीचा एक महिना तिनं मैदानाच्या रेषांवर फक्की मारायची, नीकॅप मोजून ठेवायच्या, प्रथमोपचाराची पेटी बघायची. पेटीत बँडेज, स्प्रे आणि सॅनिटरी पॅड असतात, आणि पाळी आलेल्या मुलीला त्या दिवशी किती खेळायचंय हे ती कर्णधाराला सांगते, मला सांगावं लागत नाही. वरकरणी ही किरकोळ कामं आहेत. पण कोणाचा गुडघा आठवडाभर दुखतोय आणि कोण ते लपवतंय, हे पेटी सांभाळणाऱ्या मुलीला माझ्याआधी कळतं.

इथं एक गोष्ट मला जरा जोरानं सांगायची आहे. आमच्या तालुक्याबद्दल लिहिताना, बोलताना पाहुणे नेहमी म्हणतात, “दुष्काळी भागातली मुलं, मुळातच काटक!” असं म्हणू नका. दुष्काळ कुणाला काटक करत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात मैदानावर मारायला पाणी नव्हतं, मुरूम इतका सुटा झाला होता की सूर मारला की कोपरापासून मनगटापर्यंत सालटी निघायची. टँकर कधी येईल त्यावर सरावाची वेळ ठरायची, कारण घागरी भरायला मुलींनाच जावं लागायचं. काहींच्या घरचे छावणीत जनावरांपाशी मुक्कामाला होते. त्या दिवसांत मी कुणालाही ‘सोस’ असं म्हटलं नाही. आम्ही सराव निम्मा केला आणि शेंगदाणे-गूळ दुप्पट केला. माजी विद्यार्थिनींनी पैसे पाठवले, त्यातून रोज प्रत्येकी दोन केळी आणि एक उकडलेलं अंडं सुरू झालं. ते अजून चालू आहे. उपाशी पोरीला मनोधैर्याचे धडे देणाऱ्या प्रशिक्षकावर माझा विश्वास नाही. आधी पोट, मग झोप, मग सराव, आणि मनाच्या गोष्टी त्यानंतर.

सारिका काळेची हकीकत आमच्या सगळ्या मुलींना पाठ आहे. उस्मानाबादची, म्हणजे आताच्या धाराशिवची मुलगी. घरची परिस्थिती अतिशय बेताची. २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत खो-खोचा पहिल्यांदा समावेश झाला, आणि सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार होती. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, खो-खोला बावीस वर्षांनी मिळालेला. पण त्या २०१६ सालातच घरच्या आर्थिक ओढाताणीला कंटाळून ती खेळ सोडायला निघाली होती. तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी तिची समजूत काढली आणि ती पुन्हा मैदानावर आली. मुलींना मी यातलं पदक सांगत नाही, ते त्यांना माहीत आहे. मी सांगते की देशाच्या कर्णधारालाही सोडून द्यावंसं वाटलं होतं, तेव्हा तुम्हाला वाटलं तर घाबरू नका, येऊन सांगा. आणि स्वतःला सांगते की प्रशिक्षकाचं सगळ्यात अवघड काम त्या समजूत काढण्यात आहे, शिट्टी वाजवण्यात नाही. त्यासाठी मुलीच्या घरी जाऊन ओसरीवर बसावं लागतं, तिच्या आईशी बोलावं लागतं. दहावीनंतर स्थळं यायला लागतात तेव्हा तर फार वेळा.

आया विचारतात, “मॅडम, खेळून काय मिळणार?” सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे, पोलीस भरतीत आमच्या दोन-तीन मुली लागल्यात, हे सांगते. ते त्यांना ऐकायचं असतं आणि त्यात काही गैर नाही.

शाबासकीबद्दल प्रशिक्षक मंडळींत नेहमी वाद होतो. एक पक्ष म्हणतो, कौतुक केलं की पोरं शेफारतात. हा पक्ष हटकून रमाकांत आचरेकर सरांचं उदाहरण देतो. १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर निरोपाच्या भाषणात सचिन तेंडुलकर म्हणालाच होता की गेल्या २९ वर्षांत सरांनी आपल्याला एकदाही ‘छान खेळलास’ म्हटलं नाही, आपण हुरळून जाऊ असं त्यांना वाटायचं. खरं आहे. पण याच आचरेकर सरांनी शिवाजी पार्कवर यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवलं होतं, हे ती मंडळी विसरतात. सचिनला बाद करील त्या गोलंदाजाला नाणं, आणि सराव संपेपर्यंत तो बाद झालाच नाही तर नाणं सचिनला. अशी तेरा नाणी त्यानं जपून ठेवली आहेत. मग सरांनी शाबासकी दिली नाही असं कसं म्हणायचं? तोंडानं दिली नाही इतकंच. ती नेमक्या एका कामाची होती, दमलेल्या अंगानं विकेट न टाकण्याची, आणि ते काम झालं की हातात पडत होती.

मी हेच धरून चालते. ‘छान, मस्त, शाब्बास’ हे शब्द मी फारसे वापरत नाही. पण “आज तू खांबापाशी खो दिलास, स्वतः सूर मारला नाहीस, त्यामुळं ती मिळाली” असं त्याच दिवशी, नाव घेऊन, सगळ्यांसमोर सांगते. आमच्याकडच्या बऱ्याच मुलींना घरी कामाचं कौतुक कधी ऐकायला मिळत नाही. भाकरी चांगली झाली तर कुणी बोलत नाही, करपली तर सगळे बोलतात. अशा मुलीला मैदानावरही फक्त चुकाच ऐकवल्या तर आपण चांगलं नक्की काय केलं हे तिला कधी कळणारच नाही. आणि जे कळलं नाही ते ती पुन्हा कसं करणार?

आचरेकर सरांच्याच तालमीतले अमोल मुजुमदार. १९८८ मध्ये आझाद मैदानावर सचिन आणि विनोद कांबळीनं ६६४ धावांची भागीदारी केली तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा म्हणजे ते. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा करूनही भारताकडून खेळायची संधी त्यांना मिळाली नाही. २००६-०७ च्या रणजी हंगामात ते मुंबईचे कर्णधार होते. पहिले तिन्ही सामने मुंबई हरली, उपांत्य फेरीत बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात शून्यावर पाच गडी गेले, आणि तरीही त्या वर्षी करंडक मुंबईनं जिंकला. २०२५ च्या विश्वचषकात ते भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक होते. तिथंही ओळीनं तीन पराभव झाले, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड. पुढं उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचं लक्ष्य होतं. तेव्हा त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं म्हणे की अंतिम फेरीसाठी त्यांच्यापेक्षा फक्त एक धाव जास्त हवी आहे. जेमिमा रॉड्रिग्ज १२७ वर नाबाद राहिली, आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईत चषक आपला झाला. तीनदा हरून करंडक जिंकलेला माणूस ड्रेसिंगरूममध्ये बसलेला असणं म्हणजे काय, हे मला प्रशिक्षक म्हणून फार जवळून कळतं. ‘अजून संपलं नाही’ असं कुणीही म्हणू शकतं. त्यांनी म्हटलं तर ते पोरींना खरं वाटतं.

त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. १९ तारखेला अंतिम सामन्यात आपल्या महिलांनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, कर्णधार आपली प्रियांका इंगळे. पुरुषांचा चषकही आपलाच, त्यांचा कर्णधार प्रतीक वाईकर, तोही महाराष्ट्राचा. आमच्या मुलींनी सामना शाळेच्या संगणक कक्षात पाहिला. मध्येच एक जण ओरडली, “बघा, खो दिला की लगीच बसली! मॅडम, बसण्याकडं बघा!” चॅनलवाले पळणारीला दाखवत होते, आणि या पोरी बसणारीला बघत होत्या. त्या दिवशी मला शिक्षिका म्हणून जे वाटलं ते मोठं होतं.

तो विश्वचषक मॅटवर झाला आणि आता वरच्या पातळीवरच्या स्पर्धाही मॅटवर होऊ लागल्यात. आम्ही मातीवर शिकतो. मॅटवर पाय निराळा पडतो, सूर निराळा बसतो. मॅटसाठी लोकवर्गणीचं बघतोय, पतसंस्थेनंही मदत करू म्हटलंय. तोवर शेजारच्या तालुक्यात दर पंधरवड्याला मुलींना घेऊन जायचं ठरलंय.

यंदाच्या जिल्हा स्पर्धेच्या तोंडावर कर्णधाराचं आणि माझं एका बाबतीत जमेना. संरक्षणाच्या तुकड्यांचा क्रम सामन्याआधी गुणलेखकाकडं द्यावा लागतो. मी म्हणते, सगळ्यात जास्त वेळ काढणारी मुलगी पहिल्या तुकडीत हवी, म्हणजे समोरचा संघ सुरुवातीलाच दमतो. ती म्हणते, “न्हाय मॅडम, तिला दुसऱ्या तुकडीत ठेवू. पहिल्या तुकडीतल्या तिघी बाद होऊन येतील, त्यांची सहा वाक्यं ऐकून ती उतरली तर दीडपट पळंल.” मी माझं म्हणणं पुन्हा एकदा मांडलं. तिनं ऐकून घेतलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, “दुसरीतच ठेवते.” यादीवर तिची सही असते, त्यामुळं क्रम तिचाच जाईल. सोमवारपासून सराव पहाटे साडेपाचला. शिपाईमामांना आदल्या संध्याकाळी मैदानावर पाणी मारायला सांगून ठेवलंय.